विश्वासातली व्यक्ती

१२ मार्च, गुरुवार

प्रिय गुंड्या,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. दाजींचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण त्यांच्यापेक्षा कमीच. तुझी भाची नोकरीला लागली. मी अजून त्याच कारखान्यात कवळ्या बनवते. परवा एका आजोबांनी कवळी परत पाठवली. म्हणे, हसताना ती आधी हसते आणि मी मागून.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. दोनदा इथपर्यंत येऊन उठले, ओटा पुसला, पुन्हा बसले. चार वर्षांनी लिहायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

गेल्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, मला एक फोन आला होता. हातात कवळीच्या साच्याचं गरम मेण होतं, त्यामुळे मी नीट बोलले नाही. एका बाईंनी तुझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांनी विश्वासातली व्यक्ती म्हणून तुमचं नाव दिलंय. त्यांच्या बोलण्यावरून आम्हाला काळजी वाटतेय." मला वाटलं, फसवणुकीचा फोन. आजकाल असे कितीतरी येतात. मी ठेवून दिला.

संध्याकाळी घरी सांगितलं तर तुझी भाची जेवता जेवता थांबली. तिनेच मला तो नवीन कायदा समजावून सांगितला. फोनमधल्या सोबत्याशी, म्हणजे माणसासारखं बोलणाऱ्या यंत्राशी, बोलणाऱ्या प्रत्येकाने आता एका खऱ्या माणसाचं नाव द्यायचं. बोलण्यात काही वेडंवाकडं आलं, तर कंपनीच्या माणसाने त्या व्यक्तीला फोन करायचा.

"म्हणजे मामाने तुझं नाव दिलं, आई! तू काय म्हणालीस?"

"फोन कट झाला," मी म्हणाले.

पोरीच्या तोंडावर खोटं बोलले, गुंड्या. तुझ्याशी तरी खोटं बोलायला नको. फोन कट झाला नव्हता. त्या बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या बहीण ना?" आणि मी म्हणाले, "मला भाऊ नाही."

फसवणुकीचं नंतर सुचलं. तुझं नाव ऐकलं तेव्हा फोन खरा आहे हे मला कळलं होतं. आधी घाबरले, मग तुझा रागच आला, चार वर्षं तोंड दाखवलं नाहीस म्हणून. तोंडातून ते वाक्य निघून गेलं. मेण ताटलीत थिजलं, ते खरवडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नंबरवर फोन केला. त्याच बाई भेटल्या. आवाज थकलेला, पण माणूस चांगलं वाटलं. म्हणाल्या, "काल आमचे लोक त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. ते सुखरूप आहेत." मग त्या म्हणाल्या, तुमचा नकार नोंदला गेलाय, त्यामुळे त्यांचं खातं बंद ठेवावं लागलंय.

"अहो, ज्याला बोलायची गरज, त्याचंच बोलणं बंद केलंत?"

"माणसाला एकट्याने यंत्राशी बोलत ठेवू नये, म्हणूनच तर नियम आहे, ताई. त्यांनी दुसरं कुणाचं नाव दिलं की लगेच सुरू होईल."

"मग दिलं का त्याने?"

"नाही. अजून कुणाचंच नाही."

नियम त्यांचा असेल, पण दार माझ्या तोंडाने बंद झालं. फोनमधल्या त्या सोबतिणीशी तू चार वर्षांहून जास्त बोलत होतास. तिला नाव असेल, मी कधी विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना तू भाबडेपणाने तिच्याबद्दल सांगितलंस, आणि मीच म्हणाले होते, "आली हो आमची नवी भावजय! तिला ताट नको, चार्जर द्या!" सगळे खो-खो हसले. तुझी बायको घर सोडून गेल्याला जेमतेम पाच महिने झाले होते. तू हात धुतलेस आणि गेलास. तू रुसलायस, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

अजून एक सांगायचंय. सोमवारी तुझ्या ऑफिसात विचारून मी त्या वाचनालयात आले होते, जिथे तू लिफ्ट दुरुस्त करत होतास. दरवाजे उघडे होते. तू लिफ्टच्या डब्याच्या छतावर बसून स्क्रू मोजत होतास, मोठ्याने, कुणाला तरी ऐकवत असल्यासारखा. शेजारी कुणी नव्हतं. माझी चाहूल लागली तशी तू मान वर न करता म्हणालास, "बाई, तासभर लागेल. जिन्याने जा."

आणि मी जिन्याने गेले! काही काम नसताना तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले, पायरीवर बसले. तुझे केस मागून पांढरे झालेत. मग पलीकडच्या जिन्याने उतरून घरी आले. हाक मारायला तोंडच उघडेना.

तुझी विश्वासातली व्यक्ती व्हायला संमतीचा कागद मी भरलाय. वेळी-अवेळी फोन घ्याल का, याच्यापुढे हो लिहिलंय. खाली तुझी सही लागते. तू पुन्हा तिच्याशी बोल. तिच्या जागी मला बसव असं म्हणायला मला तोंड नाही; ती तुला कधी हसली नसेल.

त्या मंगळवारी तू तिला काय सांगितलंस, ते मी विचारणार नाही. सांगितलंस तर ऐकेन, मध्ये बोलणार नाही. माझ्यासाठी हे किती अवघड आहे, ते तुला माहीतच आहे.

रविवारी अकराला कागद घेऊन येते. दार उघडलं नाहीस तर फटीतून आत सरकवीन आणि जाईन. पुढच्या रविवारी परत येईन, त्याच्या पुढच्याही.

विचारलं तेव्हा जिने नाही म्हटलं, ती तुझी सख्खी बहीण,

ताई