ढिली पडलेली बाज

माय, सगळ्यांच्या आधी आली ती आपल्या नातीला सांगून आलेल्या पोराची आत्या. पाहुण्यांची जीप अजून किल्लारीहून निघाली बी नव्हती, अन् ही बाई अहमदपूरच्या स्टँडवर एसटीतून उतरून थेट माझ्या गॅसपाशी उभी! मी पोह्याचा कांदा चिरत होते. तिनं डबे उघडून पाहिले, तुपाचा वास घेतला, मग हळूच विचारलं, "आजी, तुमची नात तिकडं नांदेडात मेंदूचं शिकाया उंदरं कापती म्हणं?" मी म्हटलं, "कापती, पण रांधत न्हाई, बिनघोर जेवा." लई हसली मेली. मला आवडली. पण खरं सांगू का, आता दमते ग. गुडघे सकाळपासून ठणकत होते, अन् वर हसऱ्या तोंडानं मिरवायचं. नातीला बघायला येणार म्हणून काळीज सुपाएवढं झालं होतं, म्हणून निभलं.

मग बाकीचे आले. पोरगा, त्याची आई, अन् धाकटी बहीण. पोरगी आईच्या पदराआड बसलेली, विचारलं तरी बोलेना. "ती जरा मठ्ठ हाय," तिची आई म्हणाली, "पाठ केलेलं रातीतून इसरती. आठवीतूनच घरी बसवली." एवढ्यात पोरीच्या हातची बशी खाली पडली, पोहे सतरंजीभर झाले, अन् पोरगी ताठ होऊन आडवी. डोळे पांढरे. आत्यानं उंबऱ्यातली चप्पल उचलली नाकाला लावायला. आपली नात नटूनथटून बसली होती, ती साडीसकट खाली बसली. टीपॉय लोटलं, पोरीला कुशीवर केलं, डोक्याखाली तिचीच ओढणी दिली. "आत्या, ती चप्पल ठेवा. तोंडात काही घालू नका, हात धरू नका." अन् घड्याळाकडं बघत राहिली. थोड्या वेळानं पोरगी निवली, झोपली. तेव्हा तिची आई रडाय लागली, अन् रडताना काय म्हणते, "गेली सोयरीक. आम्ही लपवलं." गोळ्या चालू होत्या म्हणे. पण सोयरीक जुळवताना कोणाच्या नजरेस पडतील म्हणून बंद केल्या, अन् माहूरच्या देवीला नवस बोलल्या.

मला तू दिसलीस माय. पहाट आहे. तू परसात बाजेच्या लाकडाला पाय लावून सुंभ ओढते आहेस, दात आवळून. आपला धाकटा, माझ्या पाठचा, तिथंच भुईला निजलाय, ओठाला फेस सुकलेला. त्याला झटका आला की बाज हादरून ढिली पडायची, मधे झोळ यायचा, अन् तू ती पुन्हा ताणायचीस. पाढे त्याच्या ध्यानात राहायचे नाहीत. मास्तर मारायचा. अन् तू, रानातलं करून आलेली, भाकरी थापता थापता म्हणायचीस, "ह्याच्या डोक्यात भुसा भरलाय." तो हसायचा. मग एक दिवस विहिरीवर गेला तो आलाच नाही. त्यानंतर ती बाज तू ताणली नाहीस.

नातीनं त्यांना सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं, तुझ्यासाठी. मेंदूतल्या पेशी जिथं एकमेकींना जुळतात, तिथं आतून एक आधार असतो म्हणे, प्रोटीनचा. मला प्रोटीन म्हणजे डाळ अन् अंडी एवढंच ठावं. पण हा आधार मेंदू स्वतःच विणतो, जोड जागच्या जागी राहावेत म्हणून. झटके पुन्हा पुन्हा आले, लांबले, की ती वीण विस्कटते, काही जोड सुटतात, अन् शिकलेलं टिकत नाही. काही पुन्हा जुळतात, काही नाही. उंदरांत पाहिलंय, माणसाचं सगळं अजून उमगलं नाही, असंबी म्हणाली. मी मधेच बोलले, "बाजेच्या सुंभावानी की ग!" ती म्हणाली, "हाव आजी, तसंच म्हण."

"मंग तिला अंडी चारू का?" आत्या.

"चारा की. पण अंड्यानं झटका थांबत न्हाई, आत्या. नवस फेडा, गोळ्या बी चालू करा. झटकेच कमी झाले तर वीण कशाला उसवंल?"

पोरीच्या आईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग म्हणाली, "म्हंजे मठ्ठ न्हाई ती?"

"न्हाई, काकू."

अन् ती पोरगी, माय, झोपलीय असं आम्ही समजत होतो, तिनं डोळे उघडून आईकडं पाहिलं.

तर एवढंच कळवायचं होतं. भुसा नव्हता ग. तू बाज ताणत होतीस, आत काय ढिलं पडतंय ते तुला कोण सांगणार होतं? तुला बोल लावत नाही. तिथं तो भेटला असंल तर त्याला सांग.

नात म्हणाली, सोयरीकीचं मागून बघू, आधी पोरीला नांदेडला डॉक्टरकडं नेऊ. पोरगा मान डोलवत होता, तो बी बरा वाटला. हा कागद धाडायचा कुठं, डाळीच्या डब्याखाली सारते. अन् एक, नातीला सांगू नकोस: पोरगी पडली तेव्हा मी बी आत पळाले होते, हुंगवायला कांदा फोडून आणला होता. नातीनं आत्याला अडवलं ते बघितलं अन् कांदा पदरात लपवला. संध्याकाळी वरणात टाकला. सोमवारी पोरीला घेऊन येतो म्हणालेत.