देवाची ढाल

पुणे,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. नाना,

पायांवर डोकं ठेवते. नानीलाही नमस्कार सांगा, आणि ती गुडघ्याला तेल लावते की बाटली नुसतीच उशाशी ठेवते तेही कळवा. दादाभाऊ मेंढरं घेऊन कोकणात उतरला असेल, म्हणजे हे पत्र तुम्हाला त्याची बायको, अक्षदावहिनीच वाचून दाखवणार. वहिनी, दार लोटून घ्या.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि अख्खी वस्ती ऐकते. मला जे सांगायचंय ते आधी तुमच्या कानावर पडावं.

माझं बरं चाललंय. संग्रहालयात सध्या जुने खण उघडून बघायचं काम माझ्याकडे आहे. लोकांनी साठ-सत्तर वर्षांत आणून दिलेली, दगड झालेली हाडं, आणि प्रत्येकाखाली एक कार्ड. हाड कोणत्या प्राण्याचं ते पुन्हा ओळखायचं आणि कार्डावरचं खरं की खोटं ते ठरवायचं. मागच्या आठवड्यात कुणीतरी मोठ्या हौसेनं दिलेला 'घोरपडीचा जबडा' बकऱ्याचा निघाला. तुम्ही तो लांबूनच ओळखला असतात.

महिन्यापूर्वी मगरींच्या खणात एक हाड हाती आलं. तळहाताएवढं, आणि वरून नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखं खड्डेच खड्डे. कार्डावर लिहिलेलं, मगर, पाठीवरचं हाड, कुकडीचा काठ, तालुका जुन्नर. मगरीच्या अशा हाडाला मधोमध कणा उठलेला असतो, याला नव्हता. खालची बाजू मळीनं झाकली होती. ती दोन दिवस सुईनं खरवडल्यावर आतून चिकटलेली बरगडी निघाली. तशी बरगडी कासवाच्या पाठीला असते. म्हणजे मगर नव्हे, कासव, आणि तेही मऊ पाठीच्या जातीचं.

तेवढ्यात लखनौहून एक बाई आल्या. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हाडांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी कासव मान्य केलं, माझी पाठ थोपटली आणि भिंग लावून खड्ड्यांत बघितलं. तिथं तांबडं भरलेलं दिसलं आणि बाई खुर्चीतून उठल्याच. घाटघरच्या पुढे नाणेघाट उतरताना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो ना, तुम्ही तिथं मेंढरं थांबवायचात, ती ही माती असं त्यांना वाटलं. तसं असेल तर हे कासव सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. संध्याकाळपर्यंत त्यांनी लेखाचं नाव ठरवलं आणि चिमूटभर तांबडं तपासायला पाठवूनही दिलं.

मी तीन दिवस गप्प राहिले.

ती माती नाही, नाना. तो नानीचा शेंदूर आहे. दर अमावास्येला तेलात खलून लावलेला. आणि ते हाड म्हणजे आपली ढाल. बिरोबाच्या टाकाशेजारची, कोकणात जाताना घोड्यावरच्या पाटीत देवांबरोबर जायची ती. ती मी नेली होती.

२०११ च्या गणपतीत. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, वर्गातल्या सगळ्यांनी काही ना काही शोधून आणलं होतं आणि माझे हात रिकामे. तुम्ही सगळे जेवायला बसलात तेव्हा ढाल देव्हाऱ्यातून उचलून ओढणीत गुंडाळली. दाखवून परत ठेवणार होते. सर म्हणाले, संग्रहालयाला दे, तुझं नाव राहील. नाव राहिलं. घरच्या देव्हाऱ्यातून आणली असं लिहायची लाज वाटली म्हणून कुकडीचा काठ लिहिला. मगर हेही माझंच शहाणपण.

पंधरा दिवसांनी आण्याला घरी आले तेव्हा जानकूदादा अंगणात उभा होता. तेव्हा तो अधूनमधून प्यायचा, आणि भंगारवाला नुकताच येऊन गेला होता, म्हणून ढाल त्यानंच विकली असं सगळ्यांनी धरलेलं. तुम्ही त्याला म्हणालात, "देव इकलास तू. आता बापालाबी इक." तो माझ्याकडे बघत होता, कारण घरात त्याची बाजू घेणारी मी एकटीच. मी खाली बघितलं. तो चप्पल न घालताच गेला.

आता नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा टेम्पो चालवतो. दारू केव्हाच सुटली, पण तेरा वर्षांत तुमच्या उंबऱ्यावर आला नाही. मी सणाला येऊन चहा पिऊन निघते तर तुम्ही म्हणता, पोरगी शहरात राहून परकी झाली. बाबांच्या मागं तुम्ही मला वाढवलंत, मी परकी कशी होईन? त्या देव्हाऱ्यासमोर माझ्यानं बसवत नाही.

शुक्रवारी बाईंना सांगून टाकलं. तपासणीत शिसं निघून शेंदूर कळलाच असता, म्हणूनही धीर आला, तेही लपवत नाही. बाई रागावल्या नाहीत. लेखाचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, मग हे सापडलं कुठं? ओढ्याच्या वाळूत की खडकाच्या कपारीत? कासवाचं वय आणि नेमकी जात त्यावर ठरणार. जागा कळली नाही तर ते खणात पडून राहणार.

पाहुण्यांना तुम्ही 'देवानं दिली' एवढंच सांगायचात. कुठं दिली ते मला कळवा. नव्या कार्डावर, सापडली कुणाला, या रकान्यात तुमचं नाव घालते. ढाल परत मिळावी म्हणून अर्ज केलाय, पण मिळेल असं वाटत नाही. जानकूदादाला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगावं असं ठरवलं होतं. खरं म्हणजे मला त्याची भीती जास्त वाटते.

हवं तेवढं रागवा, पण जागा कळवा.

तुमच्या घरातली चोर,
स्नेहल

*

आणे,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. स्नेहल,

म्या सांगतो, अक्षदा लिवती. जसं बोलतो तसंच लिव म्हनलंय तिला.

तुजं पत्र दोनदा वाचून घेतलं. पयल्यांदा दार लोटून. दुसऱ्यांदा तुज्या नानीला बसवून, दार उघडं ठिवून. तिनं उठून देव्हाऱ्यातली ढालीची जागा पुसली. तिथं तिनं दुसरं काय ठिवलंच न्हवतं.

तू लई वंगाळ केलंस. त्ये तोंडावर बोलीन. पर जानकूला घालवला म्या, तू न्हाई. त्यो भंगारवाला दर म्हैन्याला येत व्हता. त्याला इचारावं असं माज्या मनात आलं व्हतं. म्या इचारलं न्हाई.

आता जागेचं. ती मला ठावी न्हाई. ढाल मला घावलीच न्हाई. जानकू नऊ वर्साचा व्हता. कोकणातनं मेंढरं वर आणताना कोकरू हुडकायला गेला आन् सदऱ्यात गुंडाळून ही घिऊन आला. कुठनं आणली त्ये लई सांगत व्हता, वढा, कपार, कायबाय. म्या म्हनलं, गप, देवानं दिली. तवापास्नं तेच सांगत आलो.

म्हंजी जागा त्यालाच ठावी. इचारायला तुला त्याच्याकडंच जावं लागंल. एकली जाऊ नगं. रविवारी सकाळच्या यष्टीनं म्या नारायणगावला उतरतो, तू स्टँडवर थांब. आदी म्या बोलतो, मंग तू. त्यानं हाकललं तर दोगं माघारी यिऊ, पुढल्या रविवारी परत जाऊ.

कार्डावर माजं नाव घालू नगं.

जानकूचा बाप,
नवसू