व्रताबाहेरची गाडी

॥ श्री वीतरागाय नमः ॥

मुरगूड, ता. २४ मे १९५३

चि. कल्लाप्पा यास तात्यासोचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ऑपरेशनचे टाके सुकले, पण तुझ्या वहिनीच्या अंगी अन्न लागत नाही. डॉक्टरांनी दर पंधरवड्याला इंजेक्शनसाठी कोल्हापुरास आणायला सांगितलं आहे. मळ्यातून मुरगुडापर्यंत बैलगाडी आणि पुढे सर्व्हिस मोटार. ओढ्याच्या उतारावर चाक आपटलं की ती पदर तोंडात धरते. ओरडत नाही, तेच मला बघवत नाही. पाऊस लागला की त्या चिखलातून बैलगाडीही निघायची नाही. मग इंजेक्शन चुकायचं.

आपला कृष्णात पल्टणीत लॉऱ्या चालवून आला आहे. तो म्हणतो, मालक, लढाईतली जीप घ्या, तिची चारी चाकं ओढत्यात, चिखलात थांबायचं नाव न्हाय. तुमच्या मंगळवार पेठेत पिराजी मिस्त्रीच्या शेडात तशी एक आहे म्हणे. कुणा कंत्राटदारानं तेलावाचून हाकली आणि इंजिन जाम केलं. पिराजी ते सगळं उघडून नव्यानं भरतो आहे. तू बघून ये. बाजारात तुला अजून वांगी निवडता येत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी माझ्याजवळ दुसरा भाऊ नाही.

एक अडचण आहे. गेल्या चातुर्मासात मुनिमहाराजांपुढे मी परिग्रहाच्या मर्यादेचं व्रत घेतलं. जमीन आहे तेवढीच, बैल चार, गाडी एक, यंत्राचं वाहन नाही. तेव्हा सहज बोलून गेलो, मला कुठं मोटार हवी होती? आता तेच आडवं आलं. म्हणून जीप तुझ्या नावावर घ्यावी, वापरावी आम्ही, असं मनात आहे. वहिनीला विचारलं तर ती नुसती हसली. उत्तर लवकर धाड. माया आहे तशी असू दे.

तुझा
तात्यासो

•

कोल्हापूर, मंगळवार पेठ, ता. १ जून १९५३

तीर्थस्वरूप तात्यासो यांचे चरणी कल्लाप्पाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आपले पत्र पावले. वांग्यांचा टोमणा पदरात घेतला.

अडतीवरून सुटल्यावर पिराजीकडे जाऊन आलो. त्याचे शेड तालमीच्या मागे आहे. इंजिन फळीवर उघडे पडले होते आणि पिराजी त्याच्याच शेजारी बसून भाकरी खात होता. हे पुन्हा चालेल का, असे मी विचारले. तो म्हणाला, पावणं, चालंल का म्हणून काय इचारताय, तुमी काठी टेकत याल तवा बी ह्ये तरणंच असंल. सिलिंडर घासून वाढवले आहेत, पिस्टन आणि बेअरिंगे नवी घातली आहेत. बोलणे ऐकून गाडी आजच न्यावी असे वाटते. पण दुरुस्तीचे मत दुरुस्त करणाऱ्यालाच विचारणे म्हणजे नवऱ्या मुलाची चौकशी त्याच्या आईकडे करणे.

माझे मत विचाराल तर घाई करू नये. इतके मोठे काम झालेले इंजिन थोडे चालू द्यावे, त्याचे गुण-अवगुण कळावेत. दिवाळीनंतर बघता येईल. तोवर वहिनींच्या प्रकृतीचेही काय ते कळेल.

वहिनींना माझा नमस्कार सांगावा. त्यांना काय खावेसे वाटते ते कळवावे, पाठवीन. आपल्या मायेचा भुकेला,

कल्लाप्पा

•

मुरगूड, ता. ७ जून १९५३

चि. कल्लाप्पास अक्काताईचा आशीर्वाद. अक्षर वाकडं आलं तर हसू नको, तुझ्याच पाटीवर शिकलेलं हाय.

तुझं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. दिवाळीपर्यंत थांबा म्हणून लिहिलंस तिथं त्यांचा आवाज उतरला. मला मात्र तुझं हसू आलं. तुला खोटं बोलता येत न्हाय आणि खरं बी बोलवत न्हाय.

मला ठाऊक हाय रे. डॉक्टरांनी पोट उघडलं, आतलं बघितलं आणि तसंच शिवलं. मला कुणी सांगितलं न्हाय. पण तू खाटेपाशी आलास तो तोंड धुऊन आलास. ह्या घरात आले तवा तू माझ्या कडेवर बसायचास. गूळ चोरून खाल्लास की असाच तोंड धुऊन पुढं यायचास. डॉक्टर तुझ्याशी बोलले तवा हे देवळात गेलते, ते बी मला म्हाईत हाय.

आता ऐक. माझा जीव वाचणार असता तर मी त्यांना धा व्रतं मोडू दिली असती आणि जीपमधी पुढं बसून गेले असते. पण वाचायचं न्हाय. मग फुकट कशाला मोडायचं? मी गेल्यावर त्यांच्यापाशी ऱ्हाणार काय? देऊळ आणि व्रत. तेवढं तरी धड ऱ्हाऊ दे. तुझ्या नावावर घेऊन भागतंय व्हय? व्रत महाराजांपुढं घेतलंय, कचेरीपुढं न्हाय.

तवा त्यांना लिही की इंजिन खराब हाय. खोट्याचं पाप माझ्याकडं. आणि माझं काय ते सांगू नको. रोज सकाळी ते वाटीत औषध ओतून देत्यात आणि पिऊन झालं की वाटी तिरकी करून बघत्यात. त्यांचं तेवढं काम काढून घेऊ नको.

हे कृष्णातच्या हातनं टपालात टाकते. तू जेवत जा. मला तुझी माया कमी पडली न्हाय, तुला माझी पडली असंल तर माफ कर.

अक्काताई

•

कोल्हापूर, ता. १२ जून १९५३

तीर्थस्वरूप तात्यासो यांचे चरणी कल्लाप्पाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पिराजीने इंजिन गाडीत बसवले. मी समोर उभा राहून चालू करवून पाहिले. धूर फार येतो, तेल पिते आणि आतून ठोकल्यासारखा आवाज होतो. अशी गाडी वाटेत बंद पडली तर वहिनींचे हाल होतील. म्हणून हा विचार सोडून द्यावा हे उत्तम. पावसाळ्यात इंजेक्शनची काही सोय मुरगुडातच होते का, ते मी डॉक्टरांना विचारतो.

अधिक लिहिण्यासारखे नाही. कृपा असावी असे म्हणायला आज धीर होत नाही.

कल्लाप्पा

•

मुरगूड, ता. २२ जून १९५३

कल्लाप्पा यास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून मायना अर्धा सोडला.

परवा मी कोल्हापुरास आलो होतो. तुझ्याकडे आलो नाही. ठोकल्यासारखा आवाज म्हणजे कसला ते कृष्णातला आपल्या कानांनी ऐकवावं, दुरुस्त होत असेल तर करून घ्यावी, एवढ्याच विचारानं त्याला घेऊन पिराजीकडे गेलो. धुराचं नाव काढताच पिराजी माझ्यावरच उसळला. कुणी सांगितलं त्येला आणा हिकडं, म्हणाला. आम्हाला बसवून त्यानं पन्हाळ्याचा चढ चढवला. वाटेत मुद्दाम पाणथळ शेतात घातली, पुढच्या चाकांचा दांडा ओढला, गाडी म्हशीसारखी आरामात बाहेर आली. धूर नाही, ठोका नाही. कृष्णात म्हणाला, मालक, पल्टणीत बी असलं इंजिन बघितलं न्हाय.

मग तू खोटं का लिहिलंस? गाडी तुझ्या नावावर नको असेल तर तसं सांगायचं. का दर पंधरवड्याला आजारी माणूस तुझ्या दारात उतरणार याचं तुला ओझं वाटलं? जिनं तुला कडेवर घेऊन वाढवलं तिच्यासाठी तुला एवढं जड व्हावं? तिला मी यातलं काही सांगितलं नाही. तिचा तुझ्यावर जीव आहे, तो तरी शाबूत राहू दे.

तात्यासो

•

कोल्हापूर, ता. २५ जून १९५३

तीर्थस्वरूप तात्यासो यांचे चरणी साष्टांग नमस्कार.

तुम्ही लिहिले ते सर्व सोसले असते. वहिनींचा शब्द राखायचा होता. पण तुम्ही आता गाडी आणणार, दर पंधरवड्याला आशेने येणार आणि प्रत्येक वेळी मी दारात उभा राहून तुमच्या तोंडाकडे बघणार, हे माझ्याने होणार नाही.

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या दिवशीच मला बाजूला घेतले होते. आत हात घालण्यासारखे काही उरले नव्हते. इंजेक्शन दुखणे थोडे बधिर करते, बरे करत नाही. दिवाळी दिसणे कठीण आहे असे ते म्हणाले. तुम्ही देवळातून अंगारा लावल्यासारख्या चेहऱ्याने परत आलात आणि मला म्हणालात की आता सगळे नीट होईल. तिथे मला तोंड उघडता आले नाही. मग रोज उद्यावर ढकलले.

वहिनींना सर्व ठाऊक आहे. मी सांगितले नाही, त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखले. इंजिन खराब आहे असे लिहायला त्यांनीच सांगितले. जीव वाचत नसेल तर तुमचे व्रत त्यापायी जाऊ नये एवढाच त्यांचा हट्ट आहे.

जीप चांगली आहे. घ्यावी की नको हे सांगण्याएवढा मी मोठा नाही. मला दूर लोटू नका.

कल्लाप्पा

•

बेडकीहाळ, ता. १९ जुलै १९५३

चि. कल्लाप्पा यास तात्यासोचे अनेक अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातली ओझ्याची ओळ फाडून टाक. मला ती आठवली की घास उतरत नाही.

तुझं पत्र मी ओढ्याच्या काठावर बसून वाचलं. घरी आलो तो तिनं विचारलं, कल्लाप्पाचं बरं हाय न्हवं? मी म्हणालो, बरं आहे. दोघंही तेवढ्यावर राहिलो.

जीप घेतली. माझ्याच नावावर घेतली. मोडायचंच तर आपल्या नावानं मोडलेलं बरं. कृष्णातनं ती दारात आणून उभी केली तेव्हा तुझी वहिनी उंबऱ्यात आली, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन पाठ करून निजली. संध्याकाळी उठून बसली. मग म्हणाली, कल्लाप्पा सांगितलेलं एक काम धड करत न्हाय.

डॉक्टरांकडे जायचं म्हणून तिला सकाळी गाडीत बसवलं. पाऊस होता. ओढ्याला पाणी होतं, पण गाडी न आपटता पार झाली. तिनं पदर तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली घेतला. फाट्यावर कृष्णातनं गाडी कोल्हापूरच्या अंगाला वळवायला घेतली. मी त्याला म्हणालो, निपाणीकडं घे. तो म्हणाला, मालक, दवाखाना? मी पुन्हा तेच म्हणालो. मला त्याच्याकडे बघता येईना.

 निपाणीच्या वाटेला लागलो म्हणजे माहेर, हे तिला सांगावं लागत नव्हतं. मग म्हणाली, सांगितलं म्हणा की कुणीतरी. मी मान हलवली. ती म्हणाली, फुकट मोडलासा. मी म्हणालो, फुकट कसं, ओढा पार झाला. त्यावर ती हसली, कल्लाप्पा, पोट धरून हसली, आणि हसता हसता तिला दुखलं.

इथं माहेरी तिची अव्वा वयानं वाकली आहे, पण लेकीला न्हाऊ घालते, पेज भरवते. दोघी कानडीत काय बोलतात ते मी ऐकत नाही. कळ शमवायचं औषध कृष्णात कोल्हापूरहून आणतो. सकाळी मी वाटी पुढं केली तर म्हणाली, द्या, पण पिऊन झाल्यावर बघू नका. तू रजा काढून ये. कृष्णात न्यायला येईल. तुला पुढच्या जागेवर बसायचा मान आहे.

तुझाच
तात्यासो

•

मुरगूड, ता. ११ ऑक्टोबर १९५३

चि. कल्लाप्पा यास तात्यासोचे आशीर्वाद. वि. वि. तू परत गेल्यावर पाहुणेही गेले. आता भूक लागली तरी कुणी हाक मारल्याशिवाय कळत नाही. कृष्णातची बायको दोन भाकऱ्या ठेवून जाते. तिच्या भाकरीला मी नावं ठेवतो, ती गप्प ऐकून घेते. तुझी वहिनी ऐकून घेत नसे.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पिराजीकडे गिऱ्हाईक आलं आहे, तर जीप विकावी का? आणि महाराजांकडे जाऊन मी व्रतभंगाचं प्रायश्चित्त घेतलं का? तू काळजीनं विचारलंस, म्हणून राग नाही.

जीप विकणार नाही. पलीकडच्या वस्तीवरची तानाबाई काल बाळंतपणात अडली, तिला कृष्णात जीपमधूनच मुरगुडास घेऊन गेला. मुलगी झाली. विचारायला ते संकोचत होते, मीच किल्ली दिली.

महाराज यंदा निपाणीस आहेत. त्यांच्या दर्शनास गेलो आणि सगळं सांगितलं. व्रत घेतलं, मोडलं, आणि ज्यासाठी मोडलं ते माणूसही राहिलं नाही. ते म्हणाले, उपवास देतो, पण आधी पश्चात्ताप होऊ दे. मी तिथं हात जोडून बसलो आणि आत धुंडाळलं. फाट्यावरून वळताना तिनं खिडकीच्या कापडाबाहेर हात काढून पाऊस घेतला होता, तेवढंच सापडलं. महाराजांना म्हणालो, मला पश्चात्ताप होत नाही, खोटं सांगू कसं?  ते म्हणाले, होईल तेव्हा ये.

नमोस्तु करून उठलो. पुन्हा तिकडं जाणं व्हायचं नाही असं दिसतं. तू दाखवलेल्या तिच्या पत्रात होतं की तिच्या मागे मला देऊळ आणि व्रत राहील. देवळात जातो, बसतो, उठून येतो.

तू सणाला ये. दोघं मिळून जेवू. या घरात माया करणारं माणूस आता तूच एक, एवढं ध्यानात ठेव.

तुझा
तात्यासो