वेलाचे खड्डे

माले,
२२ मे

ती. ताईस,

रूपालीचा नमस्कार. इकडे सगळे बरे, तिकडे बावधनला तुम्हीही बरे असालच. फोन सोडून पत्र का, म्हणशील. रेंज फक्त ओट्यावर येते आणि ओट्यावर सासूबाई असतात.

परसबागेची घाई चाललीय. विहिरीकडच्या बाजूला दोडक्या-कारल्याचा मांडव, कुंपणाला घेवडा, मोरीच्या पाण्यावर अळू. नाही, घेवडा आधी दुसरीकडे ठरला होता. माझं काही ठरतच नाही बघ. सकाळी एक आखते, दुपारी मोडते. राखेत ठेवलेलं बियाणं काढलं, निवडलं, पुन्हा राखेत घातलं. पाऊस तोंडावर आलाय आणि वेलाचे खड्डे अजून खणायचेत, शेणखत वाहायचंय. दरवर्षी ते माझंच काम. यंदा मी पाठीत उसण भरल्याचं सोंग घेतलंय. सासूबाई आधी नुसत्या बघत होत्या, मग म्हणाल्या, "सून हाय का पाव्हणी?" मी पाठ धरून आत गेले.

ताई, सोंग का ते तू ओळखलं असशील. मागच्या दोन्ही वेळी पेढे वाटले, गावभर झालं आणि महिन्याच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या वेळी तर खत वाहून आले, त्याच रात्री. म्हणून यंदा ह्यांनाही बोलले नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. फार भीती वाटते गं. शिंक आली तरी पोट धरते.

काल शेजारच्या फुलाबाई आल्या. मला निरखून म्हणाल्या, "रूपाली आवंदा वाकत कशी न्हाई? काय इशेष हाय का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई ताडकन म्हणाल्या, "कवळ्या फळाला बोट दावू न्हाई, फुलाबाई. गळतं."

परसात अजून एकही वेल नाही, ताई. नुसती ढेकळं.

फुलाबाई गेल्यावर सासूबाईंनी कुदळ उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतःच खणायला लागल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आत जाऊन ढसाढसा रडले. ज्यांना मी इतकी घाबरत होते, त्याच मला राखत होत्या.

एक खड्डा झाला की धापा टाकत बसतात. ते बघवत नाही आणि कुदळ हातात घ्यायचं मला धाडस होत नाही. तू ये. खणायला आले म्हण. ह्यातलं कुणाला बोलू नकोस, मलाही विचारू नकोस.

तुझी,
जपून पावलं टाकणारी
रूपाली