आईने आधीच दिलेली साक्ष

शारजा, डिसेंबर १९९९

प्रिय आईस,

प्रभूच्या कृपेने जेवतोय, कामावर जातोय. फक्त लई दमलोय.

रूथताईचं पत्र मिळालं. मला सुपरवायझर केलं म्हणून तू जुन्नरच्या चर्चमध्ये उभी राहून साक्ष दिलीस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मिळायच्या आधीच देवाचे उपकार मानायची तुझी खोड जुनीच!

आई, ती जागा मला मिळाली नाही. मुलाखतीला मी गेलोच नाही. त्या सकाळी खोलीतला मुरुगन तापाने बरळत होता आणि बाकीचे सगळे कामावर निघून गेले. त्याला दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत हात धरून बसलो. आता तो पेज पितो, मी पुन्हा सिमेंटच्या गोण्या उचलतो. कधी कधी राग येतो, खोटं कशाला बोलू. देवाचासुद्धा.

दादांचा खोकला कमी झाला का? राजुरीहून सकाळच्या एसटीने चर्चला जाताना तू स्वेटर घालत जा.

चर्चमध्ये तोंड लपवू नकोस. रविवारी पुन्हा उभी राहा आणि सांग, पोरगा साहेब झाला नाही, पण शेजाऱ्याला टाकून गेला नाही. मग लगेच खाली बस. तुझे गुडघे दुखतात.

तुझ्या प्रार्थनेवर चाललेला,
शांतवन