फॉर्म कात्रीखाली ठेवलाय

बाबा,

तुम्ही आंघोळीला गेलात आणि मला निघायचंय, म्हणून लिहून ठेवतेय. आज शाळेत परदेशातल्या सेवा-सहलीचा सराव म्हणून भरलेली बॅग पाठीवर घेऊन मैदानाला दहा फेऱ्या मारायच्यात. मला झेपेल! हल्ली मी चालतच नाही, तरंगते. काल गणिताच्या तासाला बसल्या बसल्या तिकडे परदेशात पोचलेसुद्धा. आम्ही जिथं काम करणार त्या छोट्या शाळेची भिंत मी निळी रंगवत होते, माझी भाषा न कळणारी दोन पोरं ब्रश धुऊन देत होती, आणि निळा रंग भिंतीवरून सरळ आभाळात चालला होता. बाई म्हणाल्या, "उतरा आता खाली."

संमतीचा फॉर्म शिलाई मशीनवर, तुमच्या कात्रीखाली आहे. आज पाचपर्यंत दिला नाही तर माझी जागा दुसरीला जाईल. गिऱ्हाइकांना 'परवा या' सांगता, तसं मला पंधरा दिवस 'बघू' सांगताय. आई म्हणते, काळजी वाटते म्हणून तुम्ही विषय टाळता. (मी हे तुम्हाला सांगितलं, ते तिला कळू देऊ नका.) दुपारी जेवायला येईन तेव्हा फॉर्म घेईन. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, मी आदळआपट करणार नाही.

पण एक विचारते. ती खाकी पँट मी फक्त लांबी कमी करायला दिली होती. आज बॅगेत भरताना पाहिलं, तर कमरेशी आतून चेनचा खिसा, बरोबर पासपोर्टच्या मापाचा. मला पाठवायचंच नव्हतं, तर तो शिवलात कशाला?

– तुमची भिंगरी