वीटभट्टीमागच्या तळ्यावरची शिस्त

९ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, "सापरगली आगा, रक्तदाब वाढलाय. शांत काहीतरी बघत बसा." म्हणून आजपासून ताराझ शहराबाहेरच्या वीटभट्टीमागचं तळं. पक्षीनिरीक्षण.
पोचलो तर दोन चांदवे, ते पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी, एकमेकांना पाण्यात बुडवत होते. पाठीवर पडून, लाथांनी. एकाची मान पाण्याखाली. एकतीस वर्षं कुस्तीचा पंच होतो, शिट्टी अजून गळ्यात असते. वाजवली. दहा मिनिटांनी सुटले.
शिट्टीचा परिणाम उत्तम.

२२ एप्रिल
एका बदकिणीवर चार नर. तिची मान चोचीत धरून पाण्यात दाबत होते. नऊ वेळा शिट्टी. नर गेले नाहीत, पण विचारात पडलेले दिसले.
ओरिनबाय म्हणून एकजण काठावर बादली उलटी घालून मासे धरत बसतो. मला आदराने सापेके म्हणतो. म्हणाला, "सापेके, मासे पळतात."
शिस्तीची सवय नसलेला माणूस.

१८ मे, सकाळी ७
चांदवीला सात पिल्लं. लाल टकली, नारिंगी पिसं, कुरूप आणि सुंदर.
संकल्प: सातची सात जगवायची. माझ्या तळ्यावर कुणी मरणार नाही.

२० मे
कावळ्याने एक उचललं आणि काठावर आपटून आपटून मारलं. मी अर्धी वीट फेकली. कावळा उडाला. वीट घरट्याशेजारी पडली. नंतर पिल्लं मोजली तर पाच.
सहावं आधीपासूनच अशक्त असावं.
ओरिनबायने गळ गुंडाळला. बादली घेऊन पलीकडच्या काठावर गेला. तिकडे मासे जास्त असतील.

२३ मे
आज जे पाहिलं ते लिहायलाही हात धजत नाही. पिल्लू खायला मागत होतं. आईने त्याचं डोकं चोचीत धरलं आणि झटकलं. परत मागितलं, परत झटकलं. सगळ्यात लहान होतं तेच. शेवटी त्याने मागणं सोडलं आणि लव्हाळ्यात एकटं जाऊन बसलं.
घरी येऊन बायकोला, कुल्याशला सांगितलं की अशी आई मी जन्मात पाहिली नाही.
ती चहा ओतत होती. म्हणाली, "आपला ऐबार कुस्ती हरून आला की तुम्ही त्याला बर्फात उभं करायचात. बनियनवर."
मी म्हणालो, ते प्रशिक्षण होतं.
"दात पाडलात त्याचा."
दुधाचा होता.
"सोळा वर्षांचा होता तो."
बायकांना तारखा लक्षात राहतात, संदर्भ राहत नाही. मुलगा आता दूर कारागंदा शहरात नोकरीला आहे. कामं असतात, म्हणून सात वर्षं येणं जमलेलं नाही.

२५ मे (डाव्या हाताने)
त्या लहानग्याला वाचवायला पाण्यात उतरलो. गुडघ्याएवढं पाणी. शेवाळाच्या एका ढिगावर पाय दिला. कुरकुर आवाज आला. ते डुबकी या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं निघालं. चार अंडी. शेवाळाने झाकून ठेवली तर माणसाला कळणार कसं?
पिल्लू सापडलं. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. उबदार होतं, छातीवर त्याची धडधड लागत होती.
मग हंस आला. त्याची पिल्लं मागे होती हे मी पाहिलं नव्हतं. पंखांनी कानशिलावर, मानेवर, पाठीवर. शिट्टी वाजवली तर आणखी चवताळला. मी पालथा पडलो. उजवं मनगट विटांवर मोडलं.
ओरिनबायने ओढून बाहेर काढलं. खिशात हात घालून त्यानेच बघितलं. मी विचारलं, कसं आहे? तो म्हणाला, "सापेके, तुम्ही त्याच्यावर पडलात."
हंसाने पाडलं. नोंद तशीच व्हायला हवी.

२ जून
प्लास्टर. सहा आठवडे घराबाहेर नाही. कुल्याश रोज सकाळी तळ्यावर जाते. म्हणते, "मी काही करत नाही. नुसती बसते."
आजचा तिचा अहवाल: चारही जिवंत.

११ जून
चारही जिवंत, मोठी झालीत. डुबकीने नवं घरटं बांधलंय. ओरिनबाय जुन्या जागी परतलाय, त्याने कुल्याशला एक मासा दिला. मी घरी बसल्यापासून तळ्यावर एकही पिल्लू दगावलेलं नाही. माझ्या शिस्तीचा परिणाम उशिरा दिसतोय, पण दिसतोय.

संध्याकाळी फोन वाजला. ऐबार. आईशी बराच वेळ बोलला, ती मधेच हसली. मग तिने फोन माझ्या कानाला लावला. सात वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. जाड झालाय.
विचारलं, "हात कसा मोडला?"
मी सांगितलं, हंसाशी मारामारी झाली.
तो म्हणाला, "हंस बरा आहे ना?"
मी म्हणालो, बरा आहे. आणि फोन कुल्याशकडे दिला.